आपल्यातला माणूस

“तू सोडून हां, बाबालाल,” सुभेदार म्हणाले आणि चहाचा रिकामा कप त्यांनी बाकाखाली सरकवला.

माझ्यासमोर पाच हॉर्सपॉवरची जळालेली मोटर होती आणि तिच्या पोटातली काळी पडलेली तार मी पकडीने ओढून काढत होतो. सुभेदारांचं आधीचं वाक्य मला धड ऐकू आलं नव्हतं. पण ‘तू सोडून’ आलं की त्याच्या मागे काय असणार हे मला पाठ होतं. मान वर न करता मी म्हणालो, “सुभेदार, मला सोडून सोडून तुमी एवढी मानसं पाकिस्तानात धाडलीत, की तिकडं आता उभं ऱ्हायला जागा न्हाई.”

बाकावरचे सगळे हसले. सुभेदारही हसले. माणूस मनाचा वाईट नव्हता. फौजेतून निवृत्त होऊन येताना सीमेवरची लढाई त्यांनी सोबत माझ्या दुकानात आणली होती, इतकंच.

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पिंपळसोडच्या एसटी थांब्यासमोर माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान तेव्हाही होतं आणि आजही आहे. आमच्याकडे विजेचं येणंजाणं असं, की उन्हाळ्यात रोज दोन-तीन मोटरी तरी जळून यायच्या. मोटर भरून होईपर्यंत तिच्या मालकाला दुसरा उद्योग नसायचा, म्हणून दारात एक लांब बाक टाकला होता. त्या बाकावर देशाचा कारभार चालायचा. डिझेल का वाढलं, नोटा बंद करून कुणाचं भलं झालं, कांदा बाहेर पाठवायचा की नाही, आरक्षण कुणाला द्यायचं आणि कुणाचं काढायचं, हे सगळं तिथे ठरायचं. दिल्लीला कळवायचं तेवढं राहून जायचं. मीही काही मागे नसायचो. सरकार कुणाचंही असो, त्याला शिव्या घालायच्या हे माझं धोरण होतं. बायको म्हणायची, तोंडाचा रोजा धरता तसा एक दिवस जिभेचाही धरून बघा.

बाकाचा अध्यक्ष सर्जेराव घाडगे. माझा वर्गमित्र, दूध डेअरीचा चेअरमन आणि म्हसोबाच्या जत्रा कमिटीतला वजनदार माणूस. सर्जेरावचं मत दुधाच्या दरावर हलायचं. दर चढला की देश योग्य हातात, दर पडला की देश गेला खड्ड्यात. कुठल्या लांबच्या शहरात दंगल झाल्याचं टीव्हीवर दिसलं, की बाकावरचे आवाज चढायचे आणि मग सगळ्यांना एकदम मी दिसायचो. अशा वेळी सर्जेरावच माझ्या खांद्यावर हात टाकून सांगायचा, “ती मानसं येगळी. बाबालाल आपल्यातला हाय.”

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं, की माझा त्याच्यावर विश्वास बसला होता.

आता म्हसोबाच्या जत्रेचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडलं. चैत्रात दोन दिवस जत्रा भरते. पहिला दिवस गोडा, पुरणपोळीचा. दुसरा खारा, बोकडाचा. नवसाचे बोकड देवळामागच्या माळावर कापले जातात आणि पातेली चढतात ती गावाची मिळून. बोकडावर सुरी चालवायची ती मुलाण्याने. मुलाणी म्हणजे आमचं घर. गावात मुसलमानांची दोन-तीन घरं, त्यांत हे काम आमच्याकडे. आजा करायचा, मग बाप, मग मी. सुरी आज्याचीच, मूठ तेवढी बदललेली. सुरी चालवताना मुलाणी देवाचं नाव घेतो आणि मानाचं म्हणून पहिल्या बोकडाचं काळीज त्याच्या घरी जातं. हे असं का, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. सूर्य उगवतो तेव्हा कोण विचारतं.

खरं सांगायचं तर मला ह्या कामाचा कंटाळा होता. मी तारा गुंडाळणारा माणूस. रक्ताचा वास माझ्या डोक्यात जातो. दरवर्षी मी सर्जेरावला म्हणायचो, “औंदा दुसरं कुनी बघ.” दरवर्षी तो म्हणायचा, “तुझा हात लागल्याबगार म्हसोबा घास उचलत न्हाई.” मग मी उगाच कुरकुरत सुरीला धार लावायला बसायचो. त्याने म्हणावं म्हणून तर मी नको म्हणायचो.

सर्जेरावचा मुलगा ओंकार. इंजिनिअर झाला, पुण्याच्या कंपनीत लागला आणि वर्षाच्या आत कंपनीने माणसं कमी केली त्यात घरी आला. त्यालाही दोन वर्षं होत आली होती. डेअरीवर बापाच्या हाताखाली बसायची लाज, शेतात उतरायची त्याहून लाज. सोयरीक बघायला आलेले लोक चहा पिऊन जायचे आणि निरोप पाठवायचे नाहीत. आधी तो बाकावर आला की नोकऱ्यांबद्दल बोलायचा, कारखाने का बंद पडले ते आकडे देऊन सांगायचा आणि ते ऐकण्यासारखं असायचं. हळूहळू नोकऱ्यांचं बोलणं थांबलं. मोबाइलमध्ये बघून तो दुसरंच बोलायला लागला.

एकदा त्याने मला सगळ्यांसमोर विचारलं, “काका, बोकड कापताना तुम्ही काय म्हणता?”

“देवाचं नाव घेतो.”

“कुठल्या देवाचं?”

“मला एकच ठावं हाय बाबा. पुण्यात आनि दोन-चार निघालं असतील तर सांग.”

बाक पोट धरधरून हसला. सगळ्यांत जास्त सर्जेराव हसला. ओंकार चहा तसाच ठेवून उठून गेला. बेकार पोराला चारचौघांत बापानं हसू नये. तेव्हा मात्र मीही माझ्या हजरजबाबीपणावर खूश होतो.

जत्रेच्या आधी कमिटीची बैठक देवळाच्या मंडपात भरली. मी तिथे माझाच एक राग घेऊन गेलो होतो. कानावर आलं होतं, की यंदा बोकड कापण्यापासून रस्सा वाढण्यापर्यंत सगळं तालुक्याच्या केटररला द्यायचं घाटतंय. मला ते अजिबात पटलं नव्हतं. मला कामाचा कंटाळा असेल, पण म्हणून कुणी परक्याने येऊन म्हसोबापुढे सुरी चालवायची आणि आपण पत्रावळी धरून रांगेत उभं राहायचं? आठवडाभर मी हे बाकावर तावातावाने मांडत होतो.

वर्गणी झाली, मांडव झाला, कुस्त्यांची बक्षिसं झाली आणि ओंकार उठला.

“एक मुद्दा आहे,” तो म्हणाला. “हे केटरर वगैरे काही नको. बाहेरच्या माणसाच्या हातचं देवाला कशाला? यंदापासून बोकड कापायला आपल्यातलाच माणूस पाहिजे.”

पोरगा माझ्या मनातलंच बोलला होता. मागचं सगळं विसरून मी गुडघ्यावर हात टेकून उठलो.

“बराबर बोललास, ओंकार. माझं अनुमोदन.”

कुणी काही बोलेना. मला वाटलं, केटररशी ह्यांच्यातल्या कुणाचे तरी आतून लागेबांधे असणार, म्हणून सगळे मूग गिळून बसलेत. मी आणखी जोर लावला.

“गप का सगळी? आपल्या देवाला आपल्यातलाच मानूस पायजे, ह्यात चुकीचं काय हाय? कुनाचा इरोध असंल त्यानं तोंडावर सांगावं.”

सुभेदार सतरंजीचे दोरे उपसत बसले होते. पुजाऱ्याने उगाच समईची वात सारखी केली. ओंकार माझ्याकडे बघत होता. आधी तो गोंधळला, मग घाबरल्यासारखा झाला, आणि मग भांडायला आलेल्या माणसाला न भांडताच सगळं मिळावं तसा त्याचा चेहरा सैल झाला.

“मुलाणीकाकांचंच अनुमोदन आहे,” तो म्हणाला. “मग ठरलं.”

लहानपणापासून तो मला बाबालालकाका म्हणायचा. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

“ठरलं तर,” मी म्हणालो. “सुरीला धार मी परवाच लावून ठेवलीया.”

तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. सर्जेरावने माझ्या दंडाला धरून मला दीपमाळेमागे नेलं.

“बाबालाल,” तो हळू आवाजात म्हणाला, “आपल्यातला म्हंजे आपल्यातला रं.”

“मग मी काय येगळं म्हनतोय?”

“तसं न्हवं.” त्याने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. “म्हंजे आमच्यातला.”

एवढ्या वर्षांत सर्जेरावच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. आपल्या म्हटलं की ऐकणारा आत असतो आणि आमच्या म्हटलं की तो उंबऱ्याबाहेर राहतो, ह्याचा हिशेब मला तोवर कधी करावा लागला नव्हता. आपण मघाशी उठून काय बोललो ते सगळं मला पुन्हा ऐकू यायला लागलं.

“मग तू उठून सांग की,” मी म्हणालो. “कमिटीत तुझा शब्द चालतोय. बाबालाल आपल्यातला हाय म्हनून माझ्या दुकानात रोज सांगतोस. हितं एकदा सांग.”

सर्जेराव मंडपाकडे बघत राहिला. तिकडे पोरं ओंकारभोवती जमली होती आणि त्याची पाठ थोपटत होती.

“पोरगं दोन वर्सांनी चार मान्सांत उभं ऱ्हायलंय,” तो म्हणाला. “आज मी त्याला खाली बसवू? तूच सांग.” मग म्हणाला, “आनि हो तर तूच म्हनालास.”

मला राग आला. ओंकारपेक्षा सर्जेरावचा जास्त आला. पोराला निदान मी नको होतो आणि त्याने तसं उभं राहून सांगितलं होतं. सर्जेरावला मी हवाही होतो आणि नकोही, आणि दोन्हीचं ओझं तो माझ्याच डोक्यावर ठेवून मोकळा झाला होता. मी चपला घातल्या आणि घरी आलो. वाटेत दोघा-तिघांनी नेहमीसारखा रामराम केला. बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती.

अम्मा, म्हणजे माझी आई, ओसरीवर लसूण सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं. अनुमोदनाचं गाळायचा विचार होता, पण तेही सांगितलं. तिने हातातली पाकळी सोलून संपवली.

“मंग औंदा आपुन जेवायचं न्हाई व्हय?” ती म्हणाली.

“घरात दानं संपल्यात का? त्या दिवशी कोंबडं आनतो.”

“तसं न्हवं,” ती म्हणाली, आणि तिने दुसरी पाकळी सोलायला घेतली. मला तेव्हा ते म्हातारीचं काहीतरी वाटलं.

गोड्या दिवशी आमच्याकडे चार घरच्या पोळ्या आल्या, नेहमीसारख्या. खाऱ्या दिवशी मी दुकान उघडलं नाही आणि माळावरही गेलो नाही. जन्मात पहिल्यांदा मी घरात बसून जत्रा ऐकली. हलगी वाजत होती. लाउडस्पीकरवर सुभेदार हरवलेल्या पोरांची नावं पुकारत होते. कापायला आणलेला माणूस ओंकारने फोनवरून कुठून लांबून शोधला होता. आपल्यातला म्हणून आणलेल्या त्या माणसाचं नाव गावात एकालाही ठाऊक नव्हतं. त्याचा हात चालेना, पहिलाच बोकड फार वेळ ओरडत होता, असं बायको पाण्याला गेली तेव्हा ऐकून आली. मला बरं वाटलं. मग त्या बोकडाचं वाईट वाटलं आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

दुपारी दार वाजलं. सर्जेराव दारात घामाघूम उभा होता, कपाळाला गुलाल आणि हातात स्टीलचा डबा.

“धर,” तो म्हणाला. “पयल्या बोकडाचं काळीज.”

मी डबा घेतला नाही, म्हणून तो ओसरीवर ठेवून तो माझ्यासमोर बसला.

“भांडलो मी कमिटीत. पोराशी बी भांडलो. म्हटलं, सुरी कुनाची बी असू द्या, काळीज मुलाण्याच्याच घरला जानार. तुझ्या आज्यापासनं चालत आलंय. तुझा मान मी मोडू दिला न्हाई, बाबालाल.”

त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. मी डब्याकडे बघत होतो. परक्या हाताने, देवाचं नाव न घेता कापलेलं ते मांस आमच्या घरात कुणालाही चालणार नव्हतं. आणि हे सर्जेरावला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? त्याच्या बहिणीच्या लग्नात, वरातीच्या जेवणाला, तोच पहाटे मला उठवायला आला होता. म्हणाला होता, चल, तू काप, म्हंजे तुमच्या घरच्यांनाबी पंगतीला बसता यील. आता तो हे साफ विसरला होता. माझा मान वाचवायच्या धांदलीत मी कोण आहे हेच त्याच्या ध्यानातून गेलं होतं. आपल्यातला असतो तर ते मला चाललं असतंच की.

सांगायला मी तोंड उघडलं. पण अम्मा आतून आली आणि तिने दोन्ही हात पुढे करून डबा उचलला.

“आन बाबा,” ती म्हणाली. “लई दमलास. बस, च्या घे.”

तो टेकून बसला. चहा प्याला. दुधाचा दर पुन्हा पडलाय, ह्या सरकारचं काही खरं नाही, म्हणाला. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखा तो मोकळा बोलत होता. तोवर अम्माने डबा वाडग्यात रिकामा करून घासला, पुसला आणि त्यात दोन मुठी साखर घातली. आलेला डबा आमच्याकडे रिकामा परत जात नाही. साखरेचा डबा घेऊन सर्जेराव गेला, तेव्हा त्याच्या मते सगळं मिटलं होतं.

मी वाडगं उचललं आणि गल्लीतल्या कुत्र्याला हाक मारली.

“कुत्र्याला घालू नगं,” अम्मा म्हणाली. “मानाचं हाय. पुरून टाक ते.”

परसात लिंबोणीचं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी मी कुदळ मारली. चैत्राची जमीन, दगडासारखी. अम्मा पदर डोक्यावर घेऊन शेजारी उभी राहिली. माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी विचारलं, “म्हसोबाला मुलाणीच का लागायचा गं? आमी कधी इचारलंच न्हाई.”

“देवाला काय, कुनी बी कापलं तरी चालतंय,” ती म्हणाली. “तुझा आजा सांगायचा, देवासाठी न्हवतंच त्ये. मुलाण्यानं कापलं तर मुलाण्याला बी पंगतीला बसता यील, म्हनून गावानं ठरवलं हुतं. आपुन जेवावं म्हनून.”

मी खड्ड्यात माती लोटली.

दोन दिवसांनी दुकान उघडलं. बाकावर माणसं आली, चहा आला, दिल्लीचा कारभार सुरू झाला. सर्जेराव आला आणि त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, “काय बाबालाल, काळीज कसं हुतं?”

सुभेदार, आणखी दोघे-तिघे, सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्यांना माझं उत्तर हवं होतं. ते कुठलं हवं होतं हेही मला दिसत होतं.

“मऊ,” मी म्हणालो.

“बघा,” सर्जेराव म्हणाला, आणि बाक सैल झाला.

तेव्हापासून दरवर्षी डबा येतो. अम्मा गेली त्या वर्षीही आला. आता तो ओंकार घेऊन येतो. डेअरी तोच बघतो, कमिटीही तोच बघतो, लग्न झालं, दोन मुलं आहेत. डबा देताना तो खाली वाकून पायाला हात लावतो आणि मला पुन्हा बाबालालकाका म्हणतो. बायको डबा घासून साखर घालून देते. मी परसात जातो. सुरी माळ्यावर फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. बाकावर अजून कुणीतरी म्हणतं, तू सोडून हां, आणि मी हसतो. पण उलटून काही बोलत नाही. माझ्या जिभेला बायकोने सांगितलेला रोजा आता कायमचा लागला आहे.

लिंबोणी मात्र वेड्यासारखी लागते. परवा सर्जेराव लोणच्यासाठी पिशवी घेऊन आला होता. त्याला आता कमी दिसतं, म्हणून लिंबं मीच तोडून दिली. एक त्याने तिथेच अंगठ्याने फोडून जिभेवर पिळलं.

“काय रस हाय रं,” तो म्हणाला. “अख्ख्या गावात असं लिंबू न्हाई. बुडाला घालतोस तरी काय?”

“काय न्हाई,” मी म्हणालो. “आपलं असंच.”